आरशाचं कपाट, चालू स्थितीत

फोटो काढायला गेले की मीच येते त्यात.
डावीकडून काढला तर कोपर,
उजवीकडून गाऊनची बाही,
खाली बसून काढला तेव्हा नुसतं कपाळ
आणि त्याच्याखाली तोंडाच्या जागी मोबाईल.
शेवटी तोच टाकला.
लिहिलं: लोखंडी कपाट, दोन दारं, एकाला आरसा,
कुडचडे, स्टेशनपासून पाच मिनिटं, सहा हजार.
लॉकरची चावी हरवलीय, तेही लिहिलं.

पहिला मेसेज दीड मिनिटात:
उपलब्ध आहे का?
आहे.
मग तीन दिवस काही नाही.
जणू त्याला खात्री करून घ्यायची होती
की जगात कुठेतरी एक कपाट आहे.

दुसरा म्हणाला, दोन हजार.
मी म्हटलं, सहा.
तो म्हणाला, दोन.
बरं, पाच.
ताई, दीड.

वास्कोचा एक फौजी. फोटोत गणवेश, मागे बर्फ.
बघायला येत नाही म्हणाला, तुमच्या शब्दावर विश्वास आहे,
चौकोन पाठवतो तो स्कॅन करा, पैसे येतील.
पैसे घ्यायला पिन कशाला, विचारलं
तर जवानावर संशय घेता म्हणून चिडला.
अर्धा दिवस मला खरंच अपराधी वाटलं.

बाणावलीच्या रिबेलोबाईंनी उंची विचारली,
रुंदी, खोली,
दार उघडलं की किती जागा खातं तेही.
मी टेप घेऊन फरशीवर, इंचामागून इंच कळवत.
मग त्यांचं उत्तर: आमकां लाकडाचें जाय.

रात्री पावणेबाराला कुणी किंग रॉकी:
आरशातली पण विकायची आहे का?
ब्लॉक केला.
मग उठून दाराची कडी बघितली,
कारण कुडचडे, स्टेशनपासून पाच मिनिटं,
हे माझ्याच हातचं अक्षर.

आणि सगळ्यांना एकच शंका:
लंडनला चाललात वाटतं?
इथे सामान विकणारा माणूस विमानातच बसणार,
असं धरून चालतात,
घाई हेरतात, हजार उतरवतात.
मी नाही चालले हो.
ज्याला जायचं होतं तो गेला, पोर्तुगालच्या पासपोर्टवर,
स्विंडनच्या कुठल्याशा गोदामात खोकी उचलतो,
म्हणजे उचलत होता, शेवटचा फोन आला तेव्हा.
मी फक्त वरच्या गल्लीतली लहान खोली घेतलीय.
तिचा जिना अरुंद आहे.
खरंच अरुंद आहे, मापून आले.

रविवारी केप्याहून फटी गावकर आला.
निघालो म्हणाला, आणि खरंच निघालेला होता,
या धंद्यात एवढ्यानेही डोळे भरून येतात.
आरशासमोर उभा राहिला, मान तिरकी केली,
गाल फुगवला, हनुवटी वर केली.
तोंड वाकडं दाखवत नाही, म्हणाला,
माझ्या सलूनातला दाखवतो,
गिऱ्हाईक पैसे देताना कुरकुरतं.
खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.
तीन देतो. दार नेतो. कपाट राहूं दी तुमचेकडेन.

मी हसले तेव्हा त्याने भाव पक्का झाला असं धरलं.
बिजागऱ्या सोडताना गंजाचा भुगा पडला,
तो मीच झाडला. वर चादर मागितली गुंडाळायला,
चांगली, फुलाफुलांची. तीही गेली.
स्कूटरवर मागे त्याचा मुलगा बसला,
मांडीवर आरसा, आरशाला कवटाळून,
जपून रे, असं मी कुणाला म्हटलं कोण जाणे.

आता कपाट अर्धं उघडं उभं आहे.
डाव्या बाजूचे हँगर दिसतात, सात, रिकामे,
पंखा लावला की एकमेकांवर आपटतात.
पुन्हा फोटो काढला, समोरून, पहिल्याच झटक्यात,
फोटोत कोणी नाही.
लिहिलं: एका दाराचं कपाट, दीड हजार.

तोच तो, दीडवाला, मिनिटात हजर:
ताई, सातशे?
मी म्हटलं, या.
हा परत तरी आला.